आठ महिन्यांचा अनुभव आणि आठ तासांची लॅब

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तू कागलचा. बीसीए झालंय, गेले आठ महिने कोल्हापुरातल्या एका ब्रॉडबँडवाल्याकडं फिल्डवर आहेस. पगार तेरा हजार आणि पेट्रोल. पुण्यातल्या एका क्लासनं सांगितलंय की सीसीएनए, सीसीएनपी आणि सीसीआयई, म्हणजे सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या चढत्या पायऱ्यांच्या परीक्षा, तिन्ही एकाच पॅकेजमध्ये, वर्षभरात, अडीच लाखांत. वडील फौंड्रीत आहेत, पतसंस्थेतून कर्ज काढतो म्हणालेत. आणि तुझा प्रश्न एका ओळीचा: "ताई, अनुभव नसताना थेट सीसीआयई केली तर चालतंय का?"

चालतंय. नियमात कुठंच अडत नाही. सिस्कोनं ही परीक्षा १९९३ साली सुरू केली आणि आजही तिला बसायला डिग्री लागत नाही, खालची सर्टिफिकेटं लागत नाहीत, अनुभवाचा दाखलाही लागत नाही. तुझ्या मार्गावर आधी ३५०-४०१ नंबरची कोअर परीक्षा, दोन तासांची. ती पास झालास की तीन वर्षांच्या आत आठ तासांची लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. पाच ते सात वर्षांचा अनुभव असावा असं सिस्को सुचवते, पण ती नुसती सूचना. दारात कोणी अडवत नाही. क्लासवाले तुला एवढंच सांगतात आणि त्यात ते खोटं बोलत नाहीत.

तरी माझं उत्तर असं: अभ्यास आजपासून कर, पाहिजे तर सीसीआयईच्या खोलीचा कर. परीक्षा मात्र आत्ता देऊ नको, आणि तिच्यासाठी वडिलांना कर्ज तर अजिबात काढू देऊ नको. अभ्यास करणं आणि परीक्षा देणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. क्लासवाले ते एका गाठोड्यात बांधून विकतात.

मी हे कशाच्या जोरावर बोलते? अठरा वर्षं या धंद्यात आहे. सुरुवात उद्यमनगरात एका कॉम्प्युटर विक्रेत्याकडं, छतावर चढून केबल ओढण्यापासून. मग पुणे, मग बंगळूर, आता परत कोल्हापूर. कारखाने, पतसंस्था, एक-दोन हॉस्पिटलं यांची नेटवर्क सांभाळते आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी मुलाखती घेते. सीसीआयई मीही केली, पण नोकरीच्या नवव्या वर्षी आणि दुसऱ्या प्रयत्नात.

मुलाखतीपासूनच सुरुवात करू, कारण तुझी सगळी धडपड शेवटी त्या खुर्चीसाठी आहे.

गेल्या वर्षी एक मुलगा आला होता. अनुभव सहा महिने, सीसीएनपी झालेली, सीसीआयईची कोअर पास. कागद बघून मलाच दडपण आलं. मी त्याला एक साधी गोष्ट विचारली: "शाखेतून एका बाईंचा फोन आलाय, 'नेट गेलंय'. तुम्ही त्यांना पहिलं काय विचाराल?" तो म्हणाला, राउटरवर जाऊन बीजीपीचे नेबर बघेन. (बीजीपी आणि ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायच्या दोन पद्धती, नेबर म्हणजे शेजारचे राउटर.) बरं, नेबर ठीक आहेत. मग म्हणाला, ओएसपीएफ बघेन. तेही ठीक. मग त्यानं मला ओएसपीएफच्या एलएसएचे, म्हणजे वाटांच्या निरोपांचे, प्रकार सांगायला सुरुवात केली, एक ते सात, न अडखळता.

मला ऐकायचं होतं ते एवढंच: "फक्त तुमचंच गेलंय की शेजारच्या टेबलचंही?"

या एका प्रश्नानं निम्मं नेटवर्क संशयातून सुटतं. तो प्रश्न कुठल्या अभ्यासक्रमात नसतो, फोन घेऊन घेऊन तो तोंडात बसतो. आणि गंमत बघ, तू तो रोज विचारतोस. "काकू, डब्यावर लाल लाइट लागलाय का?" हा तोच प्रश्न. लाल असेल तर फायबर, नसेल तर पुढचं. एका वाक्यात तू फिजिकल लेयर, म्हणजे तारांचा थर, बाजूला काढतोस आणि त्याला अनुभव म्हणत नाहीस. पत्रात लिहिलंयस, "माझं काम काय, नुसतं केबल जोडायचं." इथंच तुझं चुकतंय, म्हणून जरा थांबून सांगते.

तुझ्या कंपनीचं कनेक्शन पीपीपीओईवर असणार. ग्राहकाच्या राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकतोस, तेच ते. आता आठवून बघ, अशी तक्रार आलीय का: "गुगल उघडतंय, व्हॉट्सॲप चालतंय, पण अमुक एक साइट उघडत नाही, नुसतं गोल फिरतंय." तू काय केलंस? राउटर रीसेट. नाही झालं तर राउटर बदलला. नव्या राउटरवर चाललं आणि तू पुढच्या घरी गेलास.

आता त्या घरात खरं काय झालं असू शकतं ते बघ. इथरनेटच्या, म्हणजे साध्या नेटवर्क केबलवरच्या, एका फ्रेममध्ये (पाकिटात) साधारण १५०० बाइटचा माल मावतो. पीपीपीओई त्यातले आठ बाइट स्वतःच्या हेडरसाठी, म्हणजे पाकिटावरच्या मजकुरासाठी, खातं, सहा त्याचे आणि दोन पीपीपीचे. उरले १४९२. ग्राहकाच्या लॅपटॉपला हे माहीत नसतं. तो समोरच्या सर्व्हरला सांगतो, माझ्याकडं पूर्ण मापाची पाकिटं पाठव. सर्व्हर पाठवतो, वर 'याचे तुकडे करायचे नाहीत' असा शिक्का मारून. तुमच्या कंपनीच्या खोक्याशी ते पाकीट अडकतं. नियमाप्रमाणं त्या खोक्यानं सर्व्हरला आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत) निरोप द्यायला पाहिजे, की बाबा, माप लहान कर. पण सर्व्हरच्या पुढ्यात कुणीतरी फायरवॉल लावून आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. निरोप पोचत नाही. सर्व्हर तेच मोठं पाकीट परत परत पाठवत राहतो. इकडं गोल फिरतंय. पिंग, म्हणजे समोरचा पत्ता उत्तर देतो का बघायची चाचणी, मात्र चालतं, कारण पिंगचं पाकीट लहान. नवा राउटर चालला, कारण तो टीसीपीची (लॅपटॉप आणि सर्व्हर जोडणी ठरवतात त्याची) बोलणी मधेच पकडून, हेडर वजा जाऊन उरलेलं १४६० चं माप १४५२ करत होता. जुना करत नव्हता.

हे तुला आज रात्री घरी बघता येईल. विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंगला 'डॅश एफ, डॅश एल १४७२' (तुकडे करू नको, माप १४७२) जोडून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला मार. अडकेल. मग १४६४ घाल. जाईल. १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळव, किती होतात बघ.

हाच मापाचा घोळ तुला पुढं सीसीएनपीच्या अभ्यासात परत भेटेल, तिथं त्याचं रूप वेगळं असेल. दोन राउटरमध्ये ओएसपीएफ लावलाय, एका बाजूला एमटीयू, म्हणजे मावणाऱ्या पाकिटाचं सर्वांत मोठं माप, १५००, दुसऱ्या बाजूला १४००. हॅलो पाकिटं लहान, ती मजेत जातात, दोघं एकमेकांना ओळखतात. मग डेटाबेसची देवघेव सुरू होते आणि तिथं प्रत्येक राउटर आपला एमटीयू लिहून पाठवतो. १४०० वाला बघतो, समोरचा माझ्यापेक्षा मोठ्या मापाची भाषा बोलतोय, आणि ते पाकीट टाकून देतो. शेजारी एक्सस्टार्टवर, म्हणजे देवघेवीच्या उंबरठ्यावर, अडकून बसतो. पाठांतर करणारा लिहून ठेवतो, 'एक्सस्टार्ट म्हणजे एमटीयू'. ज्यानं जवाहरनगरातल्या काकूंच्या घरी गोल फिरणारं पान बघितलंय, त्याला ते लिहून ठेवायची गरज नसते. पिंग चालतंय पण काम होत नाही, हे कानावर आलं की त्याचा हात आपोआप मापाकडं जातो.

तेव्हा तुझ्याकडं अनुभव नाही असं नाही. तो नोंदवलेला नाही. उद्यापासून एक वही कर. रोज एक तक्रार: ग्राहक काय म्हणाला, तू काय बघितलंस, काय केलंस, खरं कारण काय निघालं. फायबरच्या पॉवर मीटरवर आलेलं वाचनही लिही. घरातल्या ओएनयूवर (फायबर येतो त्या डब्यावर) उणे आठ ते उणे सत्तावीस डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) मधलं वाचन चालतं. उणे सव्वीसवर चाललंय म्हणून तू घरी आलास तर पहिल्या पावसात तिथंच परत जायचंय, हे तुला एव्हाना कळलं असेल. एक बाय आठच्या स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका फायबरचे आठ फाटे करणाऱ्या डबीत, दहाएक डीबी जातात. का जातात, ते गणित मांडून बघ. ग्राहकाच्या राउटरवर १०० पॉइंट ६४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर तो का दिसतो, ते शोध. आणि ज्या प्रश्नाचं खरं कारण तुला सापडलं नाही, त्यापुढं फुली मार. त्या फुल्या म्हणजे तुझा अभ्यासक्रम. अडीच लाखांतही कुणी तो बनवून देणार नाही.

आता दुसरी बाजू. अनुभवाशिवाय वरची परीक्षा देऊ नको म्हणते ती केवळ मुलाखतीतल्या पोपटपंचीमुळं नव्हे. मोठं सर्टिफिकेट असलं की लोक तुझ्या हातात मोठी यंत्रणा देतात. मग काय होतं, ते माझ्याच फजितीवरून सांगते.

तिसरं-चौथं वर्ष असेल. सीसीएनपी होऊन दोन महिने झालेले, अंगात वारं शिरलेलं. जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात काम होतं. गळीत हंगाम ऐन भरात. वजनकाट्यापाशी नवीन कॅमेरे बसवले होते, त्यांच्यासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क), नंबर ४०, काट्याच्या केबिनमधल्या स्विचपर्यंत न्यायचा होता. काट्याचा कॉम्प्युटर व्हीलॅन ३० वर, स्विचचा स्वतःचा कारभार १० वर. मी ऑफिसात बसून, त्याच केबलवरून, दूरच्या स्विचवर लॉगिन केलं आणि ट्रंक पोर्टवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणाऱ्या तोंडावर, लिहिलं: स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०. एंटर.

मधे 'ॲड' हा शब्द राहिला.

'ॲड' असता तर चाळीस नंबर यादीत जोडला गेला असता. नसला की यादीत फक्त चाळीसच उरतो. दहा गेला, म्हणजे माझंच लॉगिन तुटलं. ज्या फांदीवर बसले होते तीच तोडली. तीस गेला, म्हणजे काटा सर्व्हरपासून तुटला. पडद्यावरचा कर्सर थिजला. मला वाटलं, नेट हळू झालंय. अर्धा मिनिट मी तशीच बसून. मग खिडकीतून हॉर्न ऐकू यायला लागले.

ज्यानं हंगामातला कारखान्याचा यार्ड बघितलाय त्याला सांगायला नको. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या, सगळे नंबर लावून उभे. काटा झाल्याशिवाय खेप पुढं सरकत नाही, पावती निघाल्याशिवाय गाडीवान हलत नाही. रात्रीचे साडेनऊ. मी पळत काट्याच्या केबिनशी गेले. रॅकला कुलूप. किल्ली टाइम ऑफिसात. वॉचमननं बॅटरी धरली, शिपायानं किल्ली आणली आणि मी स्विचची पिन सरळ उपसून परत लावली. कॉन्फिगरेशन सेव्ह केलेलं नव्हतं, हे नशीब. स्विच उठला तो जुन्या यादीसकट उठला. उठायला चारेक मिनिटं लागली. एक बैलगाडीवाले आजोबा शांतपणे म्हणाले, "पोरी, बैलं उभी हाईत." बास. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ती आज्ञा मला येत होती. परीक्षेत मी ती बरोबर लिहिली होती. परीक्षेतल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला कोणी उभं नसतं, एवढाच फरक. त्या रात्रीनंतर दूरच्या कुठल्याही खोक्याला हात लावायच्या आधी मी 'रीलोड इन १०' लिहिते. दहा मिनिटांत मी परत येऊन 'रीलोड कॅन्सल' म्हटलं नाही, तर खोकं स्वतःच उठबस करून जुन्या स्थितीला येतं. जी लॅब करशील त्यात ही सवय लाव, तिथं गरज नसली तरी.

दुसरं एक छोटं उदाहरण, कारण सीसीआयईच्या लॅबचे पहिले तीन तास डिझाइनचे असतात आणि कमी अनुभवाच्या पोरांना तेच सोपं वाटतं. उरलेले पाच तास उभारणी, चालवणं आणि दुरुस्तीचे. डिझाइनमध्ये कागद, ईमेल, नकाशे समोर टाकतात आणि विचारतात, काय निवडाल. पुस्तकात उत्तर असतं: दोन लाइन घ्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. माझ्या एका ग्राहकाकडं शिरोलीत तसंच होतं. पुस्तकाप्रमाणं चोख. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा चढली, महामार्ग पाण्याखाली गेला आणि दोन्ही लाइनी तासाभराच्या अंतरानं गेल्या. दोन्ही फायबर एकाच बाजूनं, एकाच रांगेतल्या खांबांवरून आलेले होते. कंपन्या दोन, वाट एक. तेव्हापासून मी लाइन घेताना दर विचारायच्या आधी लाइनमनला गाडीवर मागं बसवून वाट दाखवायला लावते. तू आत्ता तोच लाइनमन आहेस. कुठल्या खांबावर कुणाची केबल आहे हे शहरात मोजक्याच लोकांना ठाऊक असतं.

आता पैसे आणि घड्याळ. याबद्दल क्लासवाले भराभर बोलतात, म्हणून मी सावकाश सांगते. सीसीएनएची फी ३०० डॉलर, कोअरची ४००, सीसीएनपीसाठी वरचा जो दुसरा पेपर लागतो त्याची ३००, आणि सीसीआयईच्या लॅबची एका प्रयत्नाची १६०० डॉलर. या सगळ्यावर कर वेगळा. कर सोडूनही नुसती लॅब सव्वा-दीड लाखाच्या घरात जाते, ती नापास झाली की परत तेवढेच. केंद्र बंगळूरला आहे. रात्रीची बस, एक दिवस आधी लॉज, हे वेगळं. तुझ्या अडीच लाखांच्या पॅकेजमध्ये परीक्षांची फी धरलीय का, हे विचारलंस का? मला खात्री आहे, विचारलं नाहीस. आज फोन करून विचार आणि उत्तर लेखी माग. बोलणं तिथंच बदलेल.

घड्याळ आणखी महत्त्वाचं. ही सर्टिफिकेटं तीन वर्षं टिकतात. मग एकतर परत परीक्षा, नाहीतर प्रशिक्षणाचे गुण जमवायचे: सीसीएनएला ३०, सीसीएनपीला ८०, सीसीआयईला १२०. नोकरीत असलेल्या माणसाचा हा खर्च बऱ्याचदा कंपनी करते. तू आत्ता धडपडून सीसीआयई झालास असं धरू. पहिलं दीड वर्ष नोकरी शोधण्यात आणि खालच्या जागेवर रुळण्यात जाईल, आणि नूतनीकरण तुझ्याच खिशातून करायची वेळ येईल, तेही कर्जाचे हप्ते चालू असताना.

खालच्या जागेवर म्हणते ते टोमणा म्हणून नव्हे. अनुभव नसलेल्या सीसीआयईला कंपनी कुठं बसवणार? मोठ्या नेटवर्कची किल्ली देणार नाही, आणि पहिल्या पायरीच्या कामाला हा महाग पडेल, चार महिन्यांत सोडून जाईल, असं एचआरला वाटणार. वर शंका, की डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून आलाय. मी अशा दोघांना जवळून ओळखते. एकानं अनुभव नसताना खरंच केली, दोन वर्षं सरावासाठी भाड्यानं घेतलेल्या राउटर-स्विचांच्या रॅकवर रात्री काढून. त्याचं चांगलं झालं, पण त्याचं ज्ञान खणखणीत आहे हे पटवायला त्याला अकरा मुलाखती लागल्या. दुसरा आता मोबाइलचं दुकान चालवतो. दुकान बरं चाललंय, त्याबद्दल म्हणणं नाही.

डम्पचं निघालं म्हणून: क्लासच्या ग्रुपवर कुणी "शंभर टक्के पास, फाइल देतो" म्हणालं तर ग्रुप सोड. परीक्षेआधी गुप्ततेच्या करारावर तू मान्यता दिलेली असते. सापडलास तर सर्टिफिकेट रद्द होतं, पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते. आणि नाही सापडलास तरी काट्यापाशी हॉर्न वाजायला लागल्यावर ती फाइल उघडता येत नाही.

मग करायचं काय? मी तुझ्या जागी असते तर सीसीएनए आधी, सहा-सात महिन्यांत, स्वतःच्या अभ्यासानं. तिला क्लास लागत नाही, शिस्त लागते; शिस्त येत नसेल तर राजारामपुरीतला एखादा साधा क्लास बघ, पुण्याला खोली घेऊन राहायची गरज नाही. ती झाल्यावर पुण्यात एखाद्या एनओसीत, म्हणजे जिथं रात्रंदिवस पडद्यावर नेटवर्कवर लक्ष ठेवतात तिथं, पहिल्या पायरीची जागा धर. रात्रपाळी असते, झोपेचं खोबरं होतं, पहिल्या महिन्यात वाटतं आपण नुसते तिकीट (तक्रारीची नोंद) लिहिणारे कारकून झालो. दीड वर्ष काढ. हजारभर वेगवेगळे बिघाड डोळ्यांखालून जातात आणि वरची माणसं ते कसे सोडवतात ते बघायला मिळतं, पगार घेऊन. त्या काळात कोअरचा अभ्यास चालू ठेव. कोअर परीक्षा एकटी पास झाली तरी तिचं वेगळं स्पेशालिस्ट सर्टिफिकेट मिळतं, वाया जात नाही. पुढं दुसरा पेपर दिलास की सीसीएनपी. लॅबचा विचार त्याच्यानंतर, आणि शक्यतो कंपनीच्या पैशानं.

पुण्याला जायचं नसेल, आईवडिलांमुळं किंवा शेतीमुळं, तर इथंही काम आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि तुझ्या कागलची पंचतारांकित एमआयडीसी इथल्या कारखान्यांत आता मशीन, कॅमेरे, हजेरी, सगळं नेटवर्कवर आलंय, आणि बऱ्याच ठिकाणी ते कुणीतरी दुकानदारानं जोडून दिलेल्या साध्या स्विचांच्या माळेवर चाललंय. एक केबल चुकून दोन्ही टोकांनी त्याच स्विचमध्ये गेली की अख्खा शॉप फ्लोअर बंद. तिथं सीसीआयई नंबर कोणी विचारत नाही. वेळेला आलास का, आणि मागच्या वेळचं दुरुस्त केलेलं टिकलं का, एवढं बघतात. पगार पुण्यापेक्षा कमी, हे मात्र लपवत नाही.

नंबरावरून आठवलं. सीसीआयईचा पहिला नंबर, १०२४, सिस्कोनं माणसाला दिलाच नाही. तो त्या प्रयोगशाळेच्या खोलीला दिला. माणसाला मिळालेला पहिला नंबर १०२५. मला ही गोष्ट फार आवडते.

भाषेबद्दल तू शेवटी घाबरत घाबरत लिहिलंयस, की इंग्रजी कच्चं आहे आणि बोलण्यात कोल्हापूर डोकावतं. डोकावू दे. मी पुण्यात पहिल्या मुलाखतीत "मी केबल ओढलो, मी कॉन्फिगर केलो" असं सांगून आले. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, समोरच्याला कळेना हसावं का नाही. नोकरी मिळाली. तांत्रिक इंग्रजी मात्र कमव, कारण बिघाडाचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो. वहीतल्या नोंदी दोन महिन्यांनी इंग्रजीत लिहायला लाग, चार-चार ओळींच्या. तेवढं पुरतं.

सरावाची साधनं, म्हणजे लॅपटॉपवर खोटे राउटर-स्विच उभे करणारी सॉफ्टवेअरं: पॅकेट ट्रेसर फुकट आहे, सीसीएनएला पुरतो. पुढं जीएनएस-थ्री किंवा ईव्ह-एनजीची फुकट आवृत्ती. सिस्कोचं स्वतःचं मॉडेलिंग लॅब्ज वर्षाला १९९ डॉलरला मिळतं, वीस खोक्यांपर्यंत. ते सीसीएनपीच्या वेळी घे, आत्ता नको. वायरशार्क (पाकिटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) आजच टाक आणि त्या पिंगची पाकिटं त्यात उघडून बघ.

तुझ्या लॅपटॉपमध्ये आठ जीबी रॅम आहे म्हणतोस. चार-पाच खऱ्या मापाचे व्हर्च्युअल राउटर उठवले की ते गुदमरणार. पहिला खर्च करायचाच असेल तर रॅम सोळा कर. शाहूपुरीत दुकानात जाताना लॅपटॉप बरोबर ने. काही मॉडेलांत रॅम बोर्डालाच झाळलेली असते, वाढवता येत नाही. तसं असेल तर दुकानदार नवा लॅपटॉप गळ्यात मारायला बघेल, तेव्हा घरी ये आणि जुना डेस्कटॉप शोध. उद्यमनगरात ऑफिसातले उतरवलेले मिळतात, त्यात रॅम सहज बसते.